करवंद : आमच्या डोंगराचा मेवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी पाककृतींची दोन-चार पाने असतात. यंदा मला विषय मिळाला तो "चेरीचे गोड व तिखट पदार्थ" हा. शहापूर-मुरबाडकडच्या बाईने चेरीवर काय लिहावे, असा प्रश्न प्रथम पडला. चेरीचे झाड आपल्याकडे होत नाही. त्याला थंडी हवी, बर्फ हवे. ते काश्मीर-हिमाचलाच्या उतारावर शोभते. परंतु विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले, की चेरी या नावाने आपण आजवर जे खात आलो, ते बहुतेक वेळा चेरी नव्हतेच. ते होते आपले करवंद! तेव्हा या लेखात मी चेरीपासून सुरुवात करून माहुलीच्या पायथ्याशी येणार आहे. पाककृती आहेतच, पण त्यांच्या मागे जो इतिहास आहे, तो आपल्या भगिनींना ठाऊक असावा म्हणून हा खटाटोप.

प्रथम खऱ्या चेरीविषयी थोडे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे, की ल्युकलस या सेनापतीने काळ्या समुद्राकाठचा प्रदेश जिंकला आणि तेथून चेरीचे झाड रोमला आणले. ही गोष्ट इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. चेरीच्या दोन जाती प्रमुख, एक गोड आणि एक आंबट. गोड चेरी नुसती खावयाची. स्वयंपाकात खरा मान आंबट चेरीला. इराणात तांदळाच्या भातात आंबट चेरी घालून 'आलबालू पोलो' करतात. सीरियातील अलेप्पो शहरात मांसाचे गोळे चेरीच्या आंबटगोड रश्शात शिजवितात. हंगेरीत उन्हाळ्यात चेरीचे थंड सूप जेवणाच्या आरंभी पितात. फळ आणि मीठ, फळ आणि मसाला ही जोडी आपल्याला नवी नाही. कैरीची आमटी, आमसुलाची कढी, चिंचेचा सार यांवर आपण वाढलो. तेलकट, जड अन्नाला आंबटाची धार दिली म्हणजे ते पचते व रुचते, हे जगातल्या सर्व गृहिणींनी आपापल्या अंगणातले फळ घेऊन शोधून काढले आहे. आपल्या डोंगराच्या गृहिणीने ते करवंदावर शोधले.

आता केकवरच्या लाल चेरीचे रहस्य. मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांतून, आइसक्रीमवरून, लग्नाच्या पानांतून जी तांबडी, पाकात मुरलेली गोळी मिळते, ती आपल्या देशात बहुधा करवंदाची असते. कृती अशी : करवंद पिकण्यापूर्वी, पूर्ण भरले पण टणक असताना काढतात. ते मिठाच्या व गंधकाचा अंश असलेल्या द्रावणात ठेवतात, म्हणजे त्याचा मूळ रंग व चीक जातो. मग बिया काढून, स्वच्छ पाण्यात वारंवार धुऊन, उकळून, खाण्यास परवानगी असलेला तांबडा रंग देतात. नंतर पातळ साखरपाकात बुडवून रोज पाक थोडा थोडा घट्ट करीत जातात. एकदम दाट पाकात टाकले तर फळ सुरकुतते. हळूहळू मुरविले तर फुगीर राहते. शंका असेल तर एखादी 'चेरी' चिरून पाहावी. खऱ्या चेरीत एकच गोल कोय असते, तिचा खळगा दिसतो. करवंदात अनेक चपट्या बारीक बिया असतात. एखादी चुकून राहिलेली सापडतेही. (जाता जाता सांगते, बेकरीची टुटीफ्रुटी म्हणजे बहुधा कच्ची पपई!) कारखान्यांना मोठे फळ लागते, म्हणून हे करवंद मुख्यतः लागवडीचे असते, उत्तर प्रदेश-राजस्थानकडे त्याच्या बागा व कुंपणे आहेत. आपल्या डोंगराचे करवंद लहान. पण जात तीच, घराणे तेच. म्हणजे गोरगरिबाच्या टोपलीतले फळ साहेबी नाव घेऊन मेजवानीच्या टेबलावर बसले, आणि आपण त्याला ओळखलेच नाही.

हे घराणे तसे फार जुने आहे. करवंदाचे संस्कृत नाव करमर्द. त्यावरूनच आपला शब्द आला. अमरकोशात त्याचे एक नाव 'कृष्णपाकफल' असे दिले आहे, म्हणजे पिकल्यावर काळे होणारे फळ. इतके नेमके नाव ठेवणाऱ्याने जाळीजवळ उभे राहून फळ पाहिले असले पाहिजे. पुढे १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. त्यातील एका संवादात वेलदोड्याबरोबर करवंदाचाही विषय आहे. वेलदोडा म्हणजे राजेरजवाड्यांचा, जहाजे भरून परदेशी जाणारा माल; आणि त्याच्या शेजारी आमचे रानचे करवंद! लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये त्याला 'कॅरिसा कॅरान्डास' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातला दुसरा शब्द नीट ऐकला तर आपला करवंद-करमर्दच त्यात बोलतो. कुळ मात्र चेरीचे नव्हे. चेरी गुलाबाच्या कुळातली. करवंद कण्हेरीच्या कुळातले. म्हणून तोडताच त्याच्या देठातून पांढरा चीक येतो.

आपल्या दोन्ही तालुक्यांत करवंद नाही असा डोंगर नाही. शहापुरात माहुली आणि आजोबा, मुरबाडात गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड आणि माळशेजकडची रांग. सगळीकडे जांभ्या-काळ्या कातळाच्या उतारावर करवंदाच्या जाळ्या असतात. "झाड" असे आपण म्हणत नाही, "जाळी" म्हणतो, आणि ते बरोबर आहे. फांदीत फांदी गुंतलेली, जोडीजोडीने काटे, आत हात घालणे कठीण. थंडी सरताना तिला पांढरी, मोगऱ्याच्या वासाची फुले येतात. चैत्रात हिरवी फळे धरतात, वैशाखात तांबूस होतात, ज्येष्ठाच्या तोंडाशी काळीभोर. पहिला जोरदार पाऊस झाला की फळात पाणी भरते आणि गोडी जाते. म्हणजे महिना-दीड महिन्याचाच हा बाजार. पिकले करवंद फोडून आतला गर तांबडा निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी, हा खेळ आपल्यातल्या प्रत्येकीने लहानपणी खेळलेला आहे.

या जाळीचे आणखी एक काम आहे, ते फारसे कोणी बोलत नाही. गुरे-शेळ्या काट्यांमुळे जाळीच्या आत तोंड घालीत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या झाडांची रोपे तिच्या आडोशाने वाढतात; वर डोके काढीपर्यंत जाळी त्यांना सांभाळते. पाखरे तिच्यात घरटी करतात. तिच्या मुळ्या उताराची माती धरून ठेवतात. घरातल्या थोरल्या जावेने धाकट्यांना पदराखाली घ्यावे, तसे हे आहे. जाळी तोडली म्हणजे एक झुडूप गेले असे होत नाही. पुढच्या वीस वर्षांचे रान जाते.

मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट वर जुन्नरकडे जाते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणच्या बंदरांतून देशावर जाणारा माल याच वाटेने चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञ आणि दानधर्म यांची मोजदाद आहे. गायी, घोडे, कार्षापण यांचे आकडे राणीने दगडात कोरवून ठेवले. त्याच घाटाच्या अंगावर डोक्यावर टोपली घेऊन चढणाऱ्या-उतरणाऱ्या बायकांचा हिशेब मात्र कोणी लिहिला नाही. आपला इतिहास राणीपासून सुरू होतो हे अभिमानाचे आहे. परंतु तो राणीपाशीच थांबू नये. टोपलीवालीचा इतिहास लिहावयाचा तर तो कोरीव लेखांत सापडत नाही. तो जंगलाच्या कायद्यांत, रेल्वेच्या वेळापत्रकात आणि आपल्या स्वयंपाकघरात शोधावा लागतो.

जंगलाच्या कायद्यापासून पाहू. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे या मुलखातले मूळचे रहिवासी. त्यांचे अर्धे वर्ष शेतावर व अर्धे रानावर चालावयाचे. १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा नवा कायदा केला आणि रानाच्या हद्दी आखल्या. कोणती फांदी तोडावी, राबासाठी कोठला पाला घ्यावा, यावर निर्बंध आले. ठाणे जिल्ह्यात याविषयी इतका असंतोष झाला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली झाला. कातकऱ्यांचा पिढीजात धंदा खैरापासून कात काढण्याचा. त्यांचे नावच त्यावरून पडले. खैर सरकारी झाल्यावर तो धंदा मोडला. मोहाच्या फुलांची दारू होते म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला. त्याच १८९२ साली शहापूरच्या रानात तानसेचे धरण पुरे होऊन मुंबईला पाणी गेले. रानातले लाकूड, कात, फूल आणि पाणी, सगळ्याला एकेक धनी मिळाला. करवंदाला मात्र वेगळा कायदा कोणी केला नाही. ना त्याचे लाकूड इमारतीचे, ना त्याला कारखान्याची मागणी. ज्याची कोणाला किंमत नव्हती, ते बायकांच्या वाट्याला राहिले. आणि वर्षातल्या अगदी तंगीच्या दिवसांत, म्हणजे कोठीतली नाचणी-वरई संपलेली आणि पेरणी अजून दूर, अशा वैशाखात ते कामी आले.

याला जोड मिळाली आगगाडीची. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला आली, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. थळ घाटातून वर इगतपुरीपर्यंत मार्ग खुला झाला तो १८६५ साली. ही गाडी घातली गेली कापूस आणि फौज यांच्यासाठी. पण रुळांनी डोंगर आणि शहर जवळ आणले, आणि त्याचा उपयोग टोपलीवालीनेही करून घेतला. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद ही स्टेशने करवंदे, जांभळे, आळू, रानभाज्या यांची बाजारपेठ झाली. मुरबाडला आगगाडी नाही. तिकडच्या बायकांनी सरळगाव, टोकावडे, धसईचे बाजार धरले, माळशेजच्या रस्त्याची कड धरली आणि कल्याण गाठले. "डोंगरची काळी मैना" ही आरोळी मुंबईच्या चाळींत उन्हाळ्यात ऐकू येत असे, ती या वाटेने. आजोळी जाता न येणाऱ्या चाळीतल्या मुलांना त्या एका द्रोणात सगळा उन्हाळा मिळत असे.

या द्रोणाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५८ नंतर आपल्याकडे मेट्रिक वजने आली. शेर, पायली, मापटी हळूहळू मागे पडली. करवंदाचे माप मात्र पळसाच्या पानाचा द्रोण किंवा वाटा हेच राहिले. बाई पहाटे अंधारात निघते. जाळीच्या बाहेरची फळे पाखरांनी व पोरांनी नेलेली असतात. आतली काढावयाची तर काट्यांतून हात घालावा लागतो. पिकलेले फळ दाबून चालत नाही, चिरडते. एकेक वेचून, पाला घालून टोपली भरावयाची, तीन-चार कोस चालून गाडी गाठावयाची, आणि उन्हे चढण्याच्या आत माल संपवावयाचा. कारण संध्याकाळपर्यंत तो टिकत नाही. जो माल टिकत नाही, त्याच्या विकणाराला भाव धरून बसता येत नाही. करवंद स्वस्त का, याचे कारण यात आहे. ते फुकट उगवते म्हणून नव्हे. तर विकणारीला थांबता येत नाही म्हणून. आणि गिऱ्हाईक नेमके संध्याकाळी, गाडीची शिटी झाल्यावर घासाघीस करते.

टिकविण्याची विद्या या कोड्याचे उत्तर आहे, आणि येथे पाककृतींचा विषय येतो. आमच्याकडे हिरवे करवंद तिखट-मिठाकडे जाते आणि पिकू लागलेले साखरेकडे. दोहोंसाठी पहिली खबरदारी एकच. हाताला तेल लावून देठ काढावेत आणि फळे तासभर मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे चीक सुटतो. न काढल्यास घशाला खवखव होते व पातेले चिकट होते.

लोणच्यासाठी एक किलो हिरवी, टणक करवंदे घ्यावीत. धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. उभी चिरून बिया काढाव्यात. दीडशे ग्रॅम मीठ व दोन चमचे हळद लावून रात्रभर ठेवावे. सुटलेले पाणी टाकू नये, त्यातच सगळा आंबटपणा असतो. सकाळी पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, पन्नास ग्रॅम तिखट, चमचाभर तळलेल्या मेथ्यांची पूड व हिंग घालावा. पाव किलो तेलाची फोडणी करून ती अगदी थंड झाल्यावर ओतावी. आठ दिवसांत मुरते. कैरीचे लोणचे मऊ पडते, करवंदाचे शेवटपर्यंत दाताखाली करकरीत राहते.

चटणी रोजची आणि सोपी. वाटीभर हिरवी करवंदे, पाच-सहा मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, मीठ आणि सुपारीएवढा गूळ पाट्यावर ओबडधोबड वाटावे. असल्यास मूठभर कोथिंबीर व खोबरे. नाचणीच्या भाकरीबरोबर हिला तोड नाही. तुरीच्या डाळीच्या आमटीत चिंच-आमसुलाऐवजी आठ-दहा करवंदे ठेचून घालावीत. डाळ शिजल्यानंतर घालावीत, आधी घातली तर आंबटामुळे डाळ शिजत नाही. सुका जवळा खाणाऱ्या घरांत तो कोरडा भाजून, कांद्यावर परतून, वर ठेचलेली करवंदे टाकावीत. फळाच्या आंबटाने जवळ्याचा उग्र वास मोडतो. अलेप्पोची बाई मांसात चेरी घालते ती याच कारणासाठी! कैरीचा मेथांबा करतो त्याच रीतीने मेथीची फोडणी, करवंदे, तिखट आणि गूळ घालून आंबट-गोड-तिखट-कडू असा मेथांबाही सुरेख होतो. तो पंधरा दिवस टिकतो.

गोडाकडे वळू. मुरंब्यासाठी तांबूस, अर्धवट पिकलेली करवंदे घ्यावीत. काळी विरघळतात, हिरवी फार आंबट लागतात. चिरून, बिया काढून, दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढावीत. फळाच्या वजनाइतकी, आंबट असल्यास सव्वापट साखर घालून मंद विस्तवावर शिजवावे. जो पाक होतो त्याचा रंग डाळिंबासारखा, एक थेंबही कृत्रिम रंग न घालता. जेलीसाठी करवंदासारखे फळ नाही. अर्धवट पिकलेल्या करवंदांत पेक्टिन भरपूर असते; पेक्टिन म्हणजे रस गोठविणारे द्रव्य. फळे बुडतील इतक्या पाण्यात शिजवून, न दाबता फडक्यातून रस निथळू द्यावा, म्हणजे जेली निवळ होते. जितका रस तितकी साखर, अथवा थोडी कमी. चमच्यावरून धार न पडता पापुद्रा लोंबू लागला की उतरावे. पिकलेली काळी करवंदे कुस्करून, गाळून, साखर, मीठ व जिरेपूड घातली की सरबत तयार. उन्हातून आलेल्या माणसाला यापेक्षा दुसरे काय द्यावे?

यातल्या बऱ्याचशा गोष्टी मी पाड्यावरच्या बायकांकडून शिकले. मराठीत छापील पाकशास्त्र काही कमी जुने नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याने अनेक पिढ्यांच्या गृहिणींना हात धरून शिकविले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेले ते पुस्तक आपल्याला भूषण आहे. पण पुस्तक लिहिण्यासाठी अक्षर लागते, कागद लागतो, निवांत दुपार लागते. डोंगरावरच्या बाईकडे यांतले काही नव्हते. तिची विद्या हातातून हातात गेली. कोणत्या उताराची जाळी आधी पिकते, कोणत्या जाळीचे फळ गोड, कोणत्या जाळीचे तुरट, किती फळे पाखरांसाठी ठेवावयाची, हे तिला पाठ असते. हा हात थांबला तर पुस्तकात शोधून ते सापडणार नाही. म्हणून मी आपल्या स्मरणिकेला महत्त्व देते. लहान असेल, पण ती छापील आहे.

आणि हात थांबण्याची चिन्हे दिसत आहेत. आपल्या तालुक्यांत जमिनीला भाव आला. शेतघरे आली, त्यांच्याभोवती तारांची कुंपणे आली, आणि प्लॉट "साफ" करताना प्रथम यंत्राखाली जाते ती करवंदाची जाळी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. रस्ता नको असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना रस्त्याचे मोल कळते. पण रस्त्याबरोबर येणारी जमिनीची खरेदी कोणाच्या उताराची जाळी घेऊन जाते, हे पाहिले पाहिजे. त्यातच फाल्गुन-चैत्रात डोंगरांना लागणारे वणवे. नेमकी फुले-फळे धरण्याच्या वेळी जाळ्या होरपळतात, आणि त्या वर्षीचा वैशाख रिकामा जातो. कातकरी कुटुंबे तशीही दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. उन्हाळ्यात रानाने काही दिले नाही, तर भट्टीच्या उचलीवाचून त्यांना दुसरा आधार राहत नाही.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १८७८ साली जे गेले, त्यातले काही कायद्याने परत आले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजावर हक्क दिला. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडमधील काही गावे या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांना वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या मार्गाने गुळवेलीचा व्यापार उभा केला, आणि रानातली वेल मोठ्या औषधी कंपन्यांपर्यंत नेली. गुळवेल वाळवून ठेवता येते, म्हणून भाव धरता आला. करवंद मुरवून ठेवता येते. फरक इतकाच, की त्यासाठी बरण्या, साखर, स्वच्छ जागा आणि अन्नपदार्थ विक्रीचा परवाना लागतो, आणि या गोष्टी एकटीला जमत नाहीत. चौघींना जमतात. मंडळ कशासाठी असते?

म्हणून पाककृतींच्या जोडीला चार गोष्टी मंडळापुढे ठेवते. पहिली, वैशाखात करवंदे घेताना घासाघीस करू नये. गाडी सुटण्याच्या वेळी तर मुळीच नाही. दुसरी, हिरव्या करवंदांची आगाऊ मागणी पाड्यावरच्या भगिनींना द्यावी. हिरवे फळ दोन-तीन दिवस टिकते, त्यामुळे त्यांना धावपळीने विकावे लागत नाही. तिसरी, लोणचे आणि मुरंबा मंडळात करावा तो त्यांना बरोबर घेऊन. फळ त्यांचे, विद्याही अर्धी त्यांची. तेव्हा नफ्यात वाटा त्यांचा असावा. बरणीवर "करवंद" हेच नाव ठळक अक्षरांत लिहावे, "चेरी" नव्हे. आणि चौथी, ज्यांना अंगण किंवा बांध आहे त्यांनी तारेच्या कुंपणाऐवजी करवंद लावावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. डोंगरचे बी रुजविले तरी चालते. ताजे बी पावसाच्या आरंभी पेरावे, फार दिवस ठेवले तर उगवत नाही. तीन-चार वर्षांत फळ धरते, आणि त्या कुंपणातून डुक्करही शिरत नाही.

केकवरच्या तांबड्या गोळीशी माझे वैर नाही. मुलांच्या वाढदिवसाला ती असू द्यावी. मात्र मूल ती उचलून तोंडात टाकील तेव्हा त्याला सांगावे, की बाळा, ही आपल्या डोंगरातल्या काळ्या मैनेची बहीण आहे. पुढच्या वैशाखात त्याला जाळीपर्यंत न्यावे, आणि काटा टाळून फळ कसे तोडावयाचे ते तेथल्या एखाद्या आजीकडून शिकू द्यावे.